पुढील सूचना मिळेपर्यंत बंद

त्या दिवशी माझ्या सासऱ्यांना लघवीला जायचं होतं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण मला स्वतःला ते कळायला साडेतीन तास लागले, आणि वर तुम्हालाही तेवढंच ताटकळत ठेवलं तर बायको मला उरलेलं आयुष्य ऐकवत राहील. तशी ती आत्ताही ऐकवतेच.

स्थळ म्हणाल तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रात घुसलेला जमिनीचा एक लांबोडका तुकडा. तीन बाजूंना पाणी, मधे डोंगर, काठाला पांढऱ्या घरांची चार-पाच गावं आणि त्यांना ओवत जाणारा एकच अरुंद रस्ता. नाव सांगत नाही. एक तर तिथल्या माणसांचा यात काही दोष नाही, आणि दुसरं म्हणजे नाव कळलं तर तुम्ही जाल. खुशाल जा. पण घरून जाऊन मग जा, एवढंच म्हणतो.

सासरे तीन महिन्यांसाठी ईलिंगला आमच्याकडे आले होते, आणि 'बाबांना एकदा स्कॉटलंड दाखवायचंच' हा बायकोचा हट्ट होता. दोन दिवस गाडी हाणत आम्ही तिथे पोचलो, भाड्याच्या कॉटेजमध्ये उतरलो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ऑफिसने भर सुट्टीत तिच्या गळ्यात एक मीटिंग मारली. ती लॅपटॉप घेऊन कॉटेजमध्येच बसली. निघताना मात्र दारात येऊन मला म्हणाली, "बाबांना दर तासाला थांबव हं. विसरू नकोस."

"हो गं, कळतं मला," मी म्हणालो.

मला काय कळलं होतं ते ऐका. मला वाटलं, हिला बाबांना सीनसीनरी दाखवायची आहे. मी आदल्या रात्रीच फोनवर व्ह्यू पॉइंट शोधून ठेवले होते. दर तासाला एक, अगदी ठरवून.

आता माझं आणि सासऱ्यांचं नातं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, दोन मोठी माणसं गाडीत शेजारी बसली होती, तर एकाने दुसऱ्याला सरळ सांगायला काय धाड भरली होती? लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आमचे बोलायचे विषय ठरलेले. हवा, क्रिकेट, आणि यंदा हापूस कसा होता. ते मला अजून 'जावईबापू' म्हणतात आणि 'तुम्ही' म्हणतात. त्यांच्या घरी मी पाणी प्यायला उठलो तरी ते माझ्याआधी उठतात. असा माणूस जावयाला काही मागत नाही, आणि असल्या गोष्टीसाठी तर गाडी थांबवा म्हणून तोंडातून शब्द काढत नाही. तो आडून सुचवतो. आणि ज्याला सुचवायचं तो मी होतो, हे त्यांचं दुर्दैव.

सकाळी निघण्याआधी त्यांनी बीपीची गोळी घेतली. ती पाण्याची गोळी असते आणि ती घेतल्यावर माणसाला सारखं जावं लागतं, हे मला नंतर कळलं. मी त्यांना आग्रह करकरून आल्याचा दुसरा कप चहा पाजला. "जावयाच्या हातचा आहे, बाबा, नाही म्हणू नका!" ते नाही म्हणाले नाहीत.

पहिलं गाव तासाभराने आलं. छोटं बंदर, चार होड्या, खडकावर सुस्तावलेले सील. बाबा गाडीतून उतरले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "इथे चहाचं दुकान वगैरे असेल ना हो कुठे?"

"दुकान कशाला, बाबा? थर्मास आहे ना!"

आणि मी डिकीतून थर्मास काढला. कप काठोकाठ भरला. त्यांनी तो हातात धरला, दोन घोट घेतले आणि बंदराच्या टोकाला असलेल्या एका बुटक्या करड्या इमारतीकडे चालू लागले. मला वाटलं, होड्या बघायला चाललेत. मी मागून फोटो काढला. ते इमारतीपाशी गेले, थोडा वेळ थांबले, परत आले.

"काय होतं तिथे?"

"काही नाही. बंद आहे."

"म्युझियम असेल," मी म्हणालो. "इकडे सगळी म्युझियमं अशीच बंद असतात." आणि त्यांचा कप परत भरला.

तिथून पुढे मी त्यांना धबधब्यावर नेलं. होय, धबधब्यावर. हसा. तुम्हाला माहीत आहे, मला नव्हतं. डोंगरावरून तीन टप्प्यांत पाणी कोसळत होतं, नुसता धो धो आवाज. मी म्हणालो, "बाबा, डोळे मिटा आणि फक्त आवाज ऐका."

बाबांनी डोळे मिटले. चेहरा असा काही केला की मला वाटलं, यांना समाधी लागली.

"चला आता," ते लगेच म्हणाले. "पुढचं गाव किती लांब आहे?"

आणि इथून मी चिडायला लागलो. खोटं कशाला सांगू? दोन दिवस गाडी मी चालवली, जागा मी शोधल्या, तिखटमिठाच्या पुऱ्यासुद्धा सकाळी उठून मीच बांधून घेतल्या, आणि हा माणूस कशाकडे बघतच नाही! उजवीकडे समुद्र, त्यात निळी बेटं, डावीकडे केसाळ गाई, आणि यांचं आपलं एकच. "गाव किती लांब?" मला मनातल्या मनात फार लागलं. काय कमी आहे म्हणे आमच्या स्कॉटलंडमध्ये? (आमचं स्कॉटलंड! तीन दिवसांत आमचं झालं होतं.)

रस्ता एका गाडीपुरताच. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जाऊन रस्त्याकडेच्या रुंद जागेत उभं राहायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची, अशी तिथली रीत. समोरून येत होत्या त्या सगळ्या कॅम्परव्हॅन. घर, चूल आणि संडास पाठीवर घेऊन फिरणारी सुखी माणसं. त्यांना रिव्हर्स येत नसावा, आणि मला तर येतच नाही. तरी प्रत्येक वेळी मीच मागे जात होतो, एक चाक खड्ड्यात, एक चाक गवतात. दर धक्क्याला बाबा वरच्या हँडलला घट्ट धरत आणि "हळू हो, जरा हळू" म्हणत. मला ती माझ्या ड्रायव्हिंगवरची टीका वाटली. मी आणखी चिडून आणखी जोरात मागे गेलो.

पुढे एक पडका किल्ला लागला. तिथे ते म्हणाले, "जरा हात धुवायचे होते."

मी त्यांना ओले टिशू दिले. पाकीटच दिलं.

त्यांनी टिशूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक टिशू काढून सावकाश, बोट न् बोट पुसलं, आणि म्हणाले, "आभारी आहे."

चौदा वर्षांत ते मला पहिल्यांदाच आभारी आहे म्हणाले होते. मी सुखावलो. काय म्हणावं मला?

शेवटचं गाव अगदी टोकाला. पुढे फक्त पाणी. समुद्रासमोर पांढऱ्या घरांची एक रांग, एक पब, आणि रांगेच्या शेवटी तसलीच एक बुटकी करडी इमारत. गाडी थांबायच्या आत बाबांनी दार उघडलं. बहात्तर वर्षांचा माणूस, पँटची इस्त्री सुट्टीतही मोडू न देणारा, स्वेटरच्या आत खिशाला पेन लावणारा, असा झपाझपा चालत गेला की मी बघतच राहिलो. त्यांनी दाराची मूठ दाबली. परत दाबली. मग मागे सरकून दारावरचा कागद वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

तेव्हा, फक्त तेव्हा, माझ्या डोक्यात उजेड पडला. चहाचं दुकान. हात धुणं. बंद म्युझियम. दर तासाला थांबव हं.

मी धावत गेलो. कागदावर लिहिलं होतं: 'सार्वजनिक स्वच्छतागृह पुढील सूचना मिळेपर्यंत बंद.' खाली, जवळची सोय अमुक गावी, अठरा मैल. ते अमुक गाव म्हणजे आमचं सकाळचं बंदराचं गाव. मी फोनमधला सकाळचा फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. बाबांच्या पुढे, करड्या दारावर, तोच कागद. पुढील सूचना मिळेपर्यंत बंद. जवळची सोय अठरा मैलांवर, म्हणजे इथे.

म्हणजे हे दार म्हणतंय तिकडे जा आणि ते दार म्हणतंय इकडे ये! मधे अठरा मैल, कॅम्परव्हॅन आणि माझे सासरे!

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगत होतो की."

मी आजूबाजूला पाहिलं. "इथे कुणी नाही, बाबा. त्या खडकामागे..."

"नाही," ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "तीस वर्षं नगरपालिकेत काढली मी. एस्टी स्टँडसमोरच्या भिंतीशी उभ्या राहिलेल्या माणसांना मी स्वतः जाऊन हटवलंय. दंड केलाय. ते म्हणायचे, साहेब, मग जायचं कुठे? बरोबरच होतं त्यांचं. म्हणून स्टँडवर दहा सीटचं बांधून घेतलं, चोवीस तास पाण्याचं. आता मीच दगडाआड जाऊ?"

"पण बाबा, अडचण आहे..."

"त्यांनाही अडचणच होती, जावईबापू."

मग मी पांढऱ्या घरांची दारं ठोठावत सुटलो. पहिलं घर, कुणी नाही. दुसरं, नाही. तिसऱ्या दाराशी माझ्या लक्षात आलं की प्रत्येक चौकटीला आकड्यांची एक छोटी पेटी लावलेली आहे, किल्ली ठेवायची. सगळी भाड्याची घरं. पडदे छान, खिडकीत लाकडी होडी, आणि आत माणूस नाही. माणसं गेली असतील व्ह्यू पॉइंटवर. आणि मी कुठल्या तोंडाने चिडणार? अशीच पेटी उघडून आम्हीही नुकतेच एका घरात शिरलो होतो. तरी चिडलो. पब 'आज बंद'. मात्र पबच्या पायरीवर कुत्र्यांसाठी पाण्याचा वाडगा भरून ठेवलेला, आणि किनाऱ्यावर दर पन्नास पावलांवर कुत्र्यांच्या विष्ठेसाठी लाल डबा! मी मोजले. चार डबे. अख्ख्या गावात कुत्र्याची सोय चार ठिकाणी, माणसाची एकाही ठिकाणी नाही!

मी असा धुमसत परत आलो तर करड्या इमारतीच्या बाजूने एक बाई येत होती. सत्तरीच्या पुढची, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात बादली, दुसऱ्यात फडा. बादली आणि फडा बघून मी ठरवूनच टाकलं की ही कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची. आणि मी सुरू झालो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण त्यात सुसंस्कृत देश होता, जगाला नळ आणि गटारं शिकवणारं राष्ट्र होतं, म्हातारी माणसं होती, चार लाल डबे होते, आणि शेवटी मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी कौन्सिल टॅक्स भरतो, बाई!"

तिचं बोलणं मला अर्धंच कळत होतं. कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

"इथे भरता?" तिने विचारलं.

"नाही. ईलिंगला."

"मग ईलिंगला जाऊन करा."

एवढं बोलून तिने मला बाजूला सारलं आणि बाबांपुढे उभी राहिली. त्यांच्याकडे एक नजर टाकली. मला साडेतीन तास लागले होते, तिला साडेतीन सेकंदही लागले नाहीत. "तुम्ही चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "कोपऱ्यावरचं घर. आत गेल्यावर डावीकडे. बूट काढू नका."

बाबा तिच्यामागे गेले. दारात बूट काढलेच.

मी बाहेर उभा राहिलो. ती परत आली, बादली खाली ठेवली आणि मग तिने मला जे ऐकवलं, त्यापुढे माझं भाषण म्हणजे शाळकरी पोराचं. ती कौन्सिलची कुणी नव्हती. त्या रांगेत बाराही महिने राहणारी ती एकटीच. अकरा वर्षं या स्वच्छतागृहाची किल्ली तिच्याकडे होती. सकाळी उघडायची, संध्याकाळी धुऊन बंद करायची, एका पैशाची अपेक्षा नाही. मग एक दिवस कुणीतरी आलं आणि म्हणालं, तुम्ही पाय घसरून पडलात तर जबाबदार कोण? किल्ली काढून घेतली, कुलूप बदललं, कागद लावला. तरी ती बाहेरची पायरी रोज झाडते.

"का?" मी विचारलं.

"लोक येऊन मूठ दाबतात," ती म्हणाली. "निदान घसरून पडू नयेत."

मला इतकी लाज वाटली की मी तिच्या हातातली बादली घेतली. ती तिने परत घेतली.

बाबा बाहेर आले ते वेगळेच. खांदे सैल, चेहऱ्यावर रंग. आता हे समुद्र बघतील म्हणून मी हात करून बेटं दाखवणार, तेवढ्यात ते सरळ त्या करड्या इमारतीकडे वळले. भोवती एक फेरी मारली. मैलापाण्याचा पाइप वाकून बघितला, बोटाने वाजवला. पन्हळ बघितली. वरच्या गजांच्या खिडकीतून आत डोकावले. मग बाईला त्यांच्या त्या नगरपालिकेच्या इंग्रजीत विचारलं, "टाकी शेवटची कधी साफ केली?" ती म्हणाली, बंद करायच्या आदल्याच उन्हाळ्यात. "पाइप?" नवा आहे. "मग यात बिघडलंय काय?"

"काहीही नाही," बाई म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघून अशी मान हलवत होती की चौदा वर्षांत माझ्याशी बोलताना बाबांनी एकदाही तशी हलवली नव्हती.

"बाबा, निघू या का? तुमची लेक वाट बघत असेल," मी म्हणालो. "आणि आता काम झालंच आहे."

ते माझ्याकडे वळले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा राग दिसला. "काम माझं झालं, जावईबापू. दार कुठे उघडलंय? माझ्यामागून कुणी येईल, त्याला ही बाई घरात भेटली नाही तर?"

आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

कौन्सिलला द्यायचा अर्ज बाईच्या स्वयंपाकघरात लिहिला गेला. सुरुवात 'मी खाली सही करणार' अशी, परिच्छेदांना क्रमांक घातलेले, डावीकडे दोन बोटं समास. बाई मधेमधे एकेक कडक शब्द सुचवायची. बाबा म्हणायचे, "शिवी नको. शिवीला उत्तर द्यावं लागत नाही. मुद्द्याला द्यावं लागतं." दोन दारांचे एकमेकांकडे बोट दाखवणारे कागद, हा मुद्दा क्रमांक एक. माझा फोटो पुरावा म्हणून जोडायचं ठरलं, म्हणजे माझाही काहीतरी उपयोग झाला. खाली बाबांची सही, त्याखाली बाईची. मीही पुढे सरकलो तर बाबा म्हणाले, "तुमची नको. तुम्ही ईलिंगचे." बाई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. म्हणजे माझं ते भाषण बाबांनी त्या अवस्थेतही ऐकलं होतं तर! (पोच आली. उत्तर अजून नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हवा, क्रिकेट आणि हापूस यांच्या आधी आता ते विचारतात, "दार उघडलं का?")

निघताना बाईने चहा घेता का म्हणून विचारलं. आम्ही दोघंही एकाच वेळी "नको" म्हणालो.

परतीच्या वाटेवर समोरून कॅम्परव्हॅन येत होत्या. मी मागे जात होतो. या वेळी हळू.

"जावईबापू," बाबा अचानक म्हणाले, "मघाचा तो धबधबा परत दाखवता का? मघाशी नीट बघितला नाही."

मी गाडी थांबवली. ते उतरले, हात मागे बांधून कठड्यापाशी उभे राहिले आणि चांगली पाच मिनिटं बघत राहिले. वरचा टप्पा, मधला टप्पा, खालचा डोह, आणि रस्त्याखालून समुद्राकडे धावत जाणारा ओढा. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. आता काहीतरी बोलतील, म्हणून वाट बघत होतो.

"पाण्याची तर काही कमतरता दिसत नाही इथे," ते म्हणाले, आणि परत येऊन गाडीत बसले.